दोन फुटलेल्या चकत्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. खेळ खेळण्यासाठी मुद्दाम जुळवून घेतलेला, अंगाने दणकट आणि स्वभावाने थोडा ऐटबाज. मी आजवर दोनदा मेलो आहे. पहिल्यांदा मेलो तेव्हा घरातले सगळे हळहळले. दुसऱ्यांदा मेलो तेव्हा मला दुरुस्त करणाऱ्या ताई घाबरल्या. त्या का घाबरल्या, ते सांगायलाच मी आज तुमच्यापुढे आलो आहे.

माझा जन्म एका जागी झाला नाही. माझा मदरबोर्ड एका कारखान्यात बनला, चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या कारखान्यात, आणि माझे पत्र्याचे अंग, ज्याला कॅबिनेट म्हणतात, ते तिसरीकडेच. हे सगळे भाग खोक्यांतून ताईंच्या लहानशा दुकानात आले. ताई मध्यम वयाच्या, मोजकेच बोलणाऱ्या. चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. एका सकाळी त्यांनी स्क्रू आवळत आवळत मला उभे केले, बटण दाबले, आणि माझे पंखे गरगर फिरू लागले. "चला, श्वास घेतला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. तेव्हापासून मी जिवंत आहे, म्हणजे मधले दोन मृत्यू सोडले तर.

मला घरी नेले ते भाऊंनी. भाऊ पूर्वी मोठे ट्रक चालवत. एका घाटात त्यांच्या ट्रकला अपघात झाला, आणि तेव्हापासून त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. ट्रक सुटला, रस्ता सुटला. दिवसभर खिडकीशी बसून ते रस्त्यावरच्या गाड्या बघत. त्यांच्या पत्नीला ते बघवेना. तिनेच हट्ट धरून मला घरात आणले. सासरे तिला 'धाकटी' म्हणत, म्हणून मीही तिला धाकटीच म्हणतो. माझ्याबरोबर टेबलाला घट्ट बसणारे एक स्टिअरिंगही आले. माझ्यात ट्रक चालवायचा एक खेळ होता. त्यात लांबच लांब रस्ते होते, पूल होते, घाट होते. भाऊंनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरले तेव्हा पहिल्या वळणापर्यंत गाडी अगदी सावकाश नेली. मग वेग घेतला.

आता आमचे घर कसे होते ते सांगतो. एक अरुंद, तीन मजली इमारत. तळमजल्यावर भाऊंचे थोरले बंधू, दादा, यांची लॉन्ड्री. तिच्यामागच्या खोल्यांत दादा आणि त्यांची पत्नी, म्हणजे थोरली, राहत. मधल्या मजल्यावर आम्ही. आणि सगळ्यात वर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत, दोघा भावांचे वडील, नाना. वरची हवा चांगली म्हणून नाना हौसेने तिकडे राहायला गेले, आणि छातीचा आजार बळावल्यावर तिथेच अडकले. त्यांना खाली उतरवत नसे, भाऊंना वर चढवत नसे. नानांच्या उशाशी ऑक्सिजनचे मशीन असे. ते खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढी आणि नळीतून नानांच्या नाकात सोडी. विजेवर चालणारे मशीन. रात्रंदिवस त्याचा घुसफूस आवाज जिन्यातून खाली येई.

एकाच जिन्याच्या त्या इमारतीत दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. अपघातानंतर इस्पितळाच्या व्हरांड्यात कुणीतरी दादांना विचारले होते, कसे काय झाले हो? दादा म्हणाले होते, "डुलकी लागली असणार, दुसरं काय." दार उघडे होते. पलंगावरच्या भाऊंनी ते ऐकले. त्यांनी काही खुलासा केला नाही, दादांनीही विचारले नाही, आणि तेवढ्या एका वाक्यावर दोन घरांमधले बोलणे संपले. जावा जावा मात्र बोलत. नानांचे करायला दोघी आळीपाळीने वर जात.

अशा घरात मी काय काम केले असेन? सांगतो. संध्याकाळ झाली की भाऊ माझ्या अंगाला टेकवून फोन उभा करीत आणि पडद्यावरचा रस्ता वर नानांना दाखवीत. नानाही जन्मभर ट्रक चालवलेले गृहस्थ. ते आपल्या पलंगावरून गाडी हाकत.

"उतार आलाय. गिअर खाली घे."

"घेतला, नाना."

"समोरचा बघ, इंडिकेटर देऊन वळला. खोटा आहे रे हा रस्ता. खऱ्या रस्त्यावर कोण देतं?"

भाऊ हसत. वरून नानांचे हसू खोकल्यात मिसळून येई. तो बाप आणि तो लेक माझ्या पडद्यावर रोज कुठे कुठे जाऊन येत. माझे कौतुक होई. धाकटी मऊ फडक्याने मला पुसून ठेवी. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते.

पण मित्रांनो, त्याच दिवसांत मला एक गोष्ट जाणवू लागली होती, आणि ती सांगायला मला तोंड नव्हते.

माझ्या पोटात पॉवर सप्लाय नावाची एक पेटी असते. भिंतीतून येणारी वीज जहाल असते. ती पेटी तिला आवरते, बारीक घास करून माझ्या एकेका भागाला भरवते. त्यामुळे भिंतीतून काय येते, ते घरात सगळ्यांत आधी मला कळते. आणि काही दुपारी ते ठीक नसे. वीज एकदम फुगून येई, जणू कुणीतरी मागून ढकलावे. मग आपली आपण ओसरे. पुन्हा फुगे. त्या वेळी खोलीतला दिवा नेहमीपेक्षा जास्त पांढरा दिसे आणि छताचा पंखा घाईघाईने फिरे. धाकटी म्हणे, नवा बल्ब छान उजेड देतो. तो छान उजेड देणारा बल्ब थोड्याच दिवसांत उडे. भाऊ म्हणत, हल्ली बल्बच असले येतात. मग दुसऱ्या दुकानातून बल्ब आणला जाई, तोही उडे, आणि दोष त्या दुकानाला लागे. भिंतीकडे कुणाचे लक्षच गेले नाही. भिंत गप्प उभी होती.

मग एके दुपारी वीज गेली. बराच वेळ आलीच नाही. तळमजल्यावर दादांचे कपडे वाळवायचे यंत्र, ड्रायर, चालता चालता थांबले, इस्त्र्या निवाल्या. त्यांची बटणे बंद करायचे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. आमच्याकडे माझेही बटण भिंतीवर चालूच होते. वीज परत आली ती या सगळ्यांवर एकदम आली. ड्रायर घरघरला, दिवा डोळे दिपवील असा पेटला, आणि माझ्या पोटात टप् असा एक लहानसा आवाज झाला. जळक्या मातीसारखा वास पसरला. भाऊंनी माझे बटण दाबले. पुन्हा दाबले. मी गेलो होतो.

संध्याकाळी फोन वाजला. आज गाडी का काढली नाही, नानांनी विचारले.

"बिघडली, नाना," भाऊ म्हणाले, आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून काळ्या पडद्यासमोर बसून राहिले.

मेलेल्या वस्तूला ऐकू कसे येते, असे तुम्ही विचाराल. मला ते सांगता येणार नाही. पण आले.

धाकटीने मला रिक्षातून ताईंच्या दुकानात नेले. ताईंनी मला टेबलावर आडवे केले, बाजूचा पत्रा काढला आणि आधी नुसता वास घेतला. मग पॉवर सप्लायची पेटी बाहेर काढली. तिच्या तारांच्या जुडग्यातली हिरवी तार त्यांनी एका लहान तारेने काळीला जोडली. पेटी जिवंत असती तर तिचा पंखा फिरायला हवा होता. फिरला नाही. मग त्यांनी आपल्याकडची एक चांगली पेटी मला लावून पाहिली, आणि माझा एकेक भाग तपासला. मदरबोर्ड ठीक. स्मरणशक्तीच्या पट्ट्या ठीक. ग्राफिक्स कार्ड ठीक. प्रत्येक वेळी ताई होकारार्थी मान हलवीत आणि धाकटीचा चेहरा उजळत जाई. पेटी जुनी झाली होती, वीज जाण्यायेण्याचा धक्का तिला सोसला नाही, असे ताईंनी सांगितले. नवी पेटी बसवली. जुनी त्यांनी न उघडताच कोपऱ्यातल्या खोक्यात टाकली.

मी घरी आलो. पुन्हा संध्याकाळी, पुन्हा रस्ते, पुन्हा नानांच्या सूचना. सगळे पूर्वीसारखे दिसत होते. फक्त मला माहीत होते की भिंतीतले ते ढकलणे थांबलेले नाही. उलट आता त्याला एक नवी सवय लागली होती. खाली ड्रायरचा पिंप फिरू लागला की ते येई. नवी पेटी कुरकुरे. मी तिला धीर देई, पण मला स्वतःलाच धीर नव्हता.

दुसऱ्यांदा मेलो त्या दिवशी वीज गेलीसुद्धा नव्हती. स्वच्छ दुपार होती. नानांना झोप येत नव्हती म्हणून भाऊंनी गाडी लवकर काढली होती. आम्ही एका लांब पुलावर होतो. खालून ड्रायरची घरघर सुरू झाली. दिवा पांढरा झाला. टप्.

अंधारलेल्या पडद्यासमोर फोन तसाच उभा होता. त्यातून नानांचा आवाज आला, "बाळ, पूल कुठे गेला?"

भाऊंनी माझे बटण दाबून पाहिले. तोच तो वास खोलीभर पसरत होता.

या वेळी ताईंनी मला उघडले आणि तोच वास त्यांच्या नाकाला आला. मग कोपऱ्यातले खोके उपसून त्यांनी माझी पहिली पेटी शोधून काढली. दोन्ही पेट्यांचे पत्रे काढून त्या शेजारी शेजारी ठेवल्या. प्रत्येक पेटीत, वीज जिथे आत शिरते तिथे, सुपारीएवढी एक निळी चकती असते. पहारेकऱ्यासारखी. विजेचा दाब फारच वाढला तर ती स्वतः फुटते आणि पुढच्यांना वाचवते. ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दिवा जवळ ओढला. पहिल्या पेटीतली चकती दुभंगली होती. दुसऱ्या पेटीतली चकतीही तशीच दुभंगली होती, जणू एकाच हाताने फोडलेली.

धाकटी स्टुलावर बसून होती. पेटी पुन्हा खराब निघाली का, तिने विचारले.

"एक मेली तेव्हा मला वाटलं, म्हातारी होती," ताई म्हणाल्या. "ही तर कोरी होती. म्हणजे मारणारा तुमच्या घरात आहे."

पहिलीच पेटी उघडून बघायला हवी होती, असेही त्या म्हणाल्या, पण ते धाकटीला उद्देशून नव्हते. त्यांनी तिसरी पेटी मला बसवली, मात्र मला जोडून दिले नाही. दुकानाचे शटर अर्ध्यावर ओढले, विजेचा दाब मोजायचा मीटर पिशवीत टाकला आणि त्या आमच्याबरोबर रिक्षात बसल्या.

घरी मला टेबलावर ठेवले. माझी तार ताईंनी मुद्दाम जमिनीवर सोडून दिली आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटरच्या दोन सळ्या घातल्या. भाऊ काठी टेकून बाजूला उभे राहिले. ताईंनी समजावून सांगितले की इथे साधारण दोनशे तीस दिसायला हवेत, थोडे इकडेतिकडे चालते. मीटरवर दोनशे बासष्ट दिसत होते.

"जास्त आहे?" भाऊंनी विचारले.

ताईंनी थांबा म्हणून बोट वर केले. त्या ऐकत होत्या. खाली ड्रायर सुरू झाला होता. मीटरवरचा आकडा हळूहळू वर चढू लागला. सत्तर. पंच्याऐंशी. छताचा पंखा वेगाने फिरू लागला. ड्रायरचा पिंप दिशा बदलायला क्षणभर थांबला, तसा आकडा खाली आला. पिंप पुन्हा फिरला, आकडा पुन्हा चढला.

खाली काय आहे, ताईंनी विचारले. मोठ्या भावजींची लॉन्ड्री, धाकटी म्हणाली. तीन मजल्यांना तीन वेगळ्या तारा येतात का? येत असाव्यात, भाऊ म्हणाले. वीज मंडळाचा माणूस तसे काहीतरी बोलला होता. ताईंनी मान हलवली. मग त्यांनी जे सांगितले ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो. वीज प्रत्येक मजल्यावर वेगळ्या तारेने येते, पण परत जाते ती एकाच सामाईक तारेने. तिला न्यूट्रल म्हणतात. ती परतीची तार कुठे सैल झाली की खालच्या मजल्यावर ओझे पडते आणि वरच्या मजल्यांवर वीज फुगते. खालचे दिवे मंद होतात, वरचे जळतात. आणि ती सैल जागा आतल्या आत तापत राहते.

"बोर्ड कुठे आहे?" ताईंनी विचारले.

भाऊंनी काठीने खाली दाखवले. बोर्ड जिन्याखाली होता. त्याचे दार लॉन्ड्रीच्या आतून होते.

तेवढ्यात धाकटीला काहीतरी आठवले. वर नानांच्या मशीनलाही कटकट चाललीय, ती सांगू लागली. मशीनला एक स्टॅबिलायझर जोडलेला होता, विजेचा दाब सांभाळणारा. हल्ली तो सारखा टक टक करून मशीन बंद पाडायचा. नानांना त्रास व्हायचा. म्हणून जाऊबाईंनी परवा तो काढूनच टाकला आणि मशीन थेट भिंतीला जोडले. आता कसे न थांबता चालते, ती म्हणाली.

मित्रांनो, ताईंचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. तसा चेहरा पुन्हा कुणाचा बघायची वेळ माझ्यावर न येवो.

"तो बिचारा वाचवत होता त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "वर फोन लावा. मशीन भिंतीवरून काढा म्हणावं. आत्ता. ऑक्सिजनचा सिलिंडर आहे ना?"

सिलिंडर होता, वीज जाई तेव्हासाठी ठेवलेला. धाकटीने थोरलीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. थोरली गच्चीवर चादरी वाळत घालत होती आणि फोन खाली राहिला होता, हे आम्हाला मागाहून कळले. नाना खोलीत एकटे होते. त्यांच्या फोनवर लावला, तर तो त्यांच्या हाताच्या टप्प्यात नसावा. धाकटी जिन्याकडे धावली; ती वर पोचली, पण मशीनचा प्लग पलंगामागे अडकलेला, तो तिच्या हाताला लागेना, हेही मागाहून कळले. ताई म्हणाल्या, मी इथून आकड्यावर नजर ठेवून वर सांगत राहते, खालचा मेन स्विच पाडायला हवा, कुणीतरी खाली ओरडून सांगा.

भाऊंकडे दादांचा नंबर होता. किती तरी दिवसांत तो लावलेला नव्हता. त्यांनी लावला. दादांनी तो पाहिला की नाही, देव जाणे. उचलला नाही. मग भाऊ गॅलरीत गेले आणि कठड्यावरून वाकून त्यांनी हाक मारली, "दादा!"

ड्रायरच्या घरघरीत ती विरून गेली. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग काठी टाकली आणि जिन्याच्या पायरीवर बसले. तो न वाकणारा पाय पुढे ताठ धरून, हातांवर अंग सरकवत, एकेक पायरी ते खाली जाऊ लागले. मला ते दिसत नव्हते. पायऱ्यांवरून घसटत जाणारे त्यांचे अंग तेवढे ऐकू येत होते.

आणि मग मीटरवरचा आकडा एकदम उसळला. तो कितीवर गेला ते मी सांगणार नाही, कारण ताईंनीही तो पुरता पाहिला नाही. त्यांनी सळ्या ओढून काढल्या तेवढ्यात डोक्यावरचा दिवा पांढराफेक झाला आणि फुटला. काचा माझ्या अंगावर पडल्या. वरून एक लांब, किरटी शिट्टी ऐकू आली. ती नानांच्या मशीनची धोक्याची शिट्टी होती. थोडा वेळ वाजली आणि तीही तुटली. तो घुसफूस आवाज, जो परवापासून न थांबता येत होता, तो थांबला.

खालून भाऊंचा आवाज आला, घसा फाटेल असा. "दादा, मेन पाड!"

पुढचे मी पाहिले नाही. जे ऐकले आणि मागाहून जोडले ते सांगतो. दादा इस्त्री टेबलाशी उभे होते. मागे धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांच्या फटीतून धूर येतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आलेले नव्हते. त्यांनी वळून पाहिले, तर शेवटच्या पायरीवर धाकटा भाऊ बसलेला, हात सोलवटलेले. इतक्या दिवसांनी तोंड उघडले ते हे सांगायला. दादांनी का, कशाला, काही विचारले नाही. गठ्ठे लाथाडून ते जिन्याखाली शिरले आणि त्यांनी दांडा खाली ओढला. इमारत एकदम गप्प झाली.

"नाना," भाऊ म्हणाले. "मशीन गेलं. वर जा."

दादा त्यांना ओलांडून जिना चढत गेले. आमच्या दारावरून गेले तेव्हा त्यांच्या अंगाला जळक्या कापडाचा वास येत होता. वर शिट्टी ऐकून धावत आलेल्या थोरलीने नानांना धरले होते; धाकटी सिलिंडरची चावी दोन्ही हातांनी पिळत होती आणि ती फिरत नव्हती. तिचे रडणे मला ऐकू येत होते. नानांचे काही ऐकू येत नव्हते. मग चावी करकरली. हवेचा एक फूत्कार. आणि त्यानंतर पुन्हा शांतता. ती फार लांबली. ताई माझ्या कॅबिनेटवर हात ठेवून उभ्या होत्या. खाली भाऊ पायरीवर बसलेले. त्यांना वर चढता येत नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "ताई, काही आवाज?"

मग नाना खोकले.

वीज मंडळाचा वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला तेव्हा मागचे लाकूड कोळशासारखे काळे झाले होते आणि न्यूट्रलचा स्क्रू बोटांनीच निघून आला. त्याला चिकटलेले तांबे चिमटीत भुगा झाले. गठ्ठ्यांतल्या सगळ्यात आतल्या चादरीला तपकिरी डाग पडला होता, तव्यावर राहिलेल्या फडक्यासारखा. वायरमन म्हणाला, थोडा उशीर झाला असता तर इथे मी नसतो आलो, बंबवाले आले असते.

नाना इस्पितळातून परत आले, पण पूर्वीचे नाना राहिले नाहीत. आवाज बारीक झाला. वाक्य सुरू करत आणि मध्येच सोडून देत. त्यांना आता मधल्या मजल्यावर, माझ्याच खोलीत ठेवले. दादांनी त्यांना पाठुंगळीला घेऊन उतरवले. त्यांच्या नव्या मशीनला नवा स्टॅबिलायझर आहे, आणि तो टक टक वाजला की सगळ्यांत आधी थोरली धावत येते.

ताई मला जोडून द्यायला आल्या त्या दिवशी दादाही आले. दारातच उभे राहिले. धाकटीने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. म्हणाले, "माझ्याकडे दिवे मंद व्हायचे. इस्त्री तापायची नाही. कितीतरी दिवस. मला वाटलं, वीजच तसली येतेय."

"आमच्याकडे बल्ब उडायचे," भाऊ म्हणाले. "मला वाटलं, बल्बच तसले."

ताई स्क्रू आवळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण पेचकस थांबला. अर्धी खूण खाली होती आणि अर्धी वर. दोन्ही एकत्र सांगितल्या असत्या तर कुठल्याही वायरमनने ऐकताक्षणी जिन्याखालचे दार उघडले असते.

दादांनी चौकटीला हात टेकला. मग त्यांनी विचारले, "घाटात त्या दिवशी काय झालं होतं?"

"ब्रेक तळाला गेला. दाबला, तर काहीच नाही. समोरून गाडी येत होती. मी डोंगराच्या अंगाला घेतली."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

दादांनी माफी मागितली नाही. ते आत येऊन खुर्चीवर बसले, एवढेच. ताईंनी बटण दाबले. माझे पंखे फिरले. नानांनी उशीवरून मान वळवून पडद्याकडे पाहिले आणि बोटाने खूण केली, सावकाश घे म्हणून.

तर मित्रांनो, मी आता तिसऱ्यांदा जगतो आहे. माझी ऐट बरीच उतरली आहे. पण एक गोष्ट मला चैन पडू देत नाही. रस्त्यापलीकडे एक चार मजली इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीतला दिवा कधीकधी एकाएकी पांढरा होतो आणि मग ओसरतो. भाऊंनीही ते पाहिले आहे. काल त्यांनी खेळ मध्येच थांबवला, काठी घेतली, दादांच्या खांद्याचा आधार घेत जिना उतरले आणि हळूहळू रस्ता ओलांडून ते तिकडे गेले. परत आले तेव्हा म्हणाले, आमचं सगळं व्यवस्थित चाललंय, काही बंद पडलेलं नाही, असं सांगून तिथल्या तळमजल्यावरच्यांनी दार लावलं. आज वायरमनला घेऊन ते पुन्हा जाणार आहेत.

तुमच्या घरात एखादी वस्तू अचानक मेली, तर तिच्यासाठी हळहळा, पण तिला नुसती बदलून मोकळे होऊ नका. ती कशाने मेली ते विचारा. दिवा उगाच झगमगला, भिंतीचे बटण हाताला कोमट लागले, स्विचबोर्डातून चरचर ऐकू आली, तर तिथे बोट घालायला जाऊ नका. मोठ्यांना सांगा, आणि खालच्यांना, वरच्यांना, शेजाऱ्यांनाही सांगा. त्यांच्याशी तुमच्या घराचे बोलणे नसले तरी सांगा. आम्ही वस्तू फुटून सांगतो, जळून सांगतो, त्याहून दुसरी भाषा आम्हाला येत नाही.

समोरची खिडकी आत्ता पुन्हा पांढरी झाली आहे. भाऊ अजून काठी शोधत आहेत.